अर्धा कोड

पवनीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांची एक सवय भयंकर होती. माझं वेबपेज बिघडलं की ते न विचारता अर्धा कोड उडवायचे. मी किंचाळायचे.

"घाबरते कायले? कॉपी ठेवली हाये. आता पेज चाललं, त चूक त्या उडवलेल्या अर्ध्यात."

त्यांचं घर शेजारीच होतं. तिथली सरांची आणि भावांची भांडणं क्लासपर्यंत ऐकू यायची. एका सकाळी सर गादी घेऊन क्लासमध्येच राहायला आले.

"काहून सर?"

"घरातून मलेच काढून पाहून राहिलो."

मी हसले.

आठवड्याभरात शेजारून हसण्याखिदळण्याचे आवाज येऊ लागले. सर कान देऊन ऐकत बसले.

"सापडली चूक," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा अर्धा कोड उडवला. पहिल्यांदाच, कॉपी न ठेवता.