दगडांखालचं लाकूड

मी होड्या बांधणारा सुतार. आगरदांड्याच्या आसपासच्या निम्म्या होड्या माझ्या हाताखालून गेलेल्या, आणि त्याचा मला माज होता.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. खाडीच्या तोंडाशी एक जुनी बार्ज बुडून पडली होती. वाट मोकळी करायला बंदराची माणसं ती पाण्याखाली सुरुंग लावून फोडत होती. लाल बावटा दाखवून होड्यांना लांब थांबवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा सांगितलं त्याहूनही लांब थांबला होता. तरी सुरुंग उडाला तशी त्याची होडी खालून उचलली गेली, मधोमध वर वाकली आणि परत सरळ बसली. आत पाण्याचा थेंब आला नाही.

ओहोटीला होडी कोरड्यावर टेकली तेव्हा त्यानं मला बोलावलं. मी बाहेरून फिरलो, फळीफळीवर लाकडी मोगरी मारून आवाज ऐकला, सांध्यांतला राळ-कापूस बोटानं चाचपला. सगळं ठणठणीत.

"दादा, तळाचं दगड काढून आतून बघायचं काय?" त्यानं भीतभीत विचारलं. होडी डुलू नये म्हणून तळाशी भरलेले दगड नारळी पौर्णिमेच्या पूजेनंतर हंगाम सरेपर्यंत उतरवत नाहीत. आमच्या घरांत तो अपशकुन.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हणालो. अपशकुनाचं मला काही नव्हतं. खरं सांगतो, अर्धा दिवस दगड उपसायचा कंटाळा आला, आणि माझ्या मोगरीवर कुणी शंका घ्यावी याचा रागही आला.

पंधरा दिवसांनी साध्याच वाऱ्यात ती होडी भर समुद्रात मोडली. दोघं खलाशी फळ्या धरून वाचले. तो नाही वाचला.

तुकडे किनाऱ्याला लागले. तळाशी होडीच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याचं लाकूड मी उलटंपालटं करून पाहिलं. मोडलेल्या जागी वरची, दगडांकडची बाजू काळी, बुळबुळीत झालेली. खालचा थोडाच भाग पांढरा, ताजा. चीर जुनी होती. हवेतला स्फोट कानाला लागतो, पाण्यातला थेट लाकडाला. पाणी दबत नाही, सगळा धक्का पुढं ढकलतं. बाहेरच्या फळ्या लवून जागेवर आल्या, कणा मात्र आतून तडकला होता. दगड काढले असते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. मी तिथंच बसून रडलो.

मागून बहीण आली.

"काय दिसतंय, दादा? कशानं मोडली?"

"लाटेनं," मी म्हणालो.

ती माझ्याजवळ वाळूत टेकली. "मंग रडू नको. जाताना ते मला बोललं, दादानं बघितलीय, घोर करू नको. तुझा काय दोष न्हाय."

नवरा गेलेली माझी बहीण माझी पाठ चोळत राहिली, आणि मी तिला चोळू दिली.