बिल्ड माझ्याच घरी व्हायचं

कित्येक वर्षं आमच्या प्रकल्पाचं बिल्ड शेगावला, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर व्हायचं. प्रकल्प म्हणजे मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्राम. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पाच-सहा जण नोकरीधंदा सांभाळून तो लिहितो. कोड सगळ्यांना खुला, पगार कोणालाच नाही. त्या कोडपासून लोकांच्या कॉम्प्युटरवर बसवता येईल अशी फाइल तयार करणं, याला बिल्ड म्हणतात. रविवारी आंघोळ-चहा उरकून मी ते करायला बसायचो. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं असं नाही. मी जमू दिलं नाही. नवी आवृत्ती आली की लोक मला फोन करून आभार मानायचे, आणि ते मला फार आवडायचं.

आमच्यातला एक जण रोहिणखेडचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मी त्याला भाई म्हणतो. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो म्हणून तो मला सर म्हणतो. तो दर वेळी सांगायचा, "सर, हे काम मशीनले करू द्या. कोड बदलला का बिल्ड आपोआप झालं पाह्यजे." मी म्हणायचो, बघू.

यंदा शाळा उघडायच्या आठवड्यात नवी आवृत्ती काढली आणि गुरुवारी दुसरबीडहून एका शिक्षिकेचा फोन आला.

"सर, ते बोलतच नाही हो. मुकं झालंय."

मॅडमना दिसत नाही. एका कानात एअरफोन घालून त्या धडा ऐकतात आणि वर्गाला शिकवतात. इतकी वर्षं त्यांना फक्त प्रार्थना आणि गाणी दिली जायची. यंदा भांडून आठवीचं मराठी मिळवलं होतं. सोमवारी पहिला तास. "नाही जमलं तर वर्ग दुसऱ्यांना देऊ, असं हेडमास्तर बोललेच आहेत," त्या म्हणाल्या. जुनी आवृत्ती शाळेच्या नव्या कॉम्प्युटरवर बसत नव्हती. नवी काढली होती ती त्यासाठीच.

मी माझ्याकडे लावून पाहिलं. खणखणीत बोलत होतं. शेवटचा बदल भाईचा होता, आकडे कसे वाचायचे त्याचा. मी पुढचा-मागचा विचार न करता आमच्या ग्रुपवर लिहिलं, "आकड्यांच्या बदलाने घात केला. घाईत पाठवलेलं काम यापुढे घेणार नाही." नाव लिहिलं नाही, पण कोण ते सगळ्यांना कळलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

संध्याकाळी भाईचा फोन.

"सर, तुमच्याकडे बोलून राह्यलं ना?"

"हो."

"अन् बाकी कोणाकडेच नाही. मंग आकडे काय फक्त शेगावातच बरोबर हायेत?"

मी ग्रुप उघडून पाहिला. खरंच, बाकी सगळ्यांकडे मुकं होतं.

"कोऱ्या मशीनवर बनवून पाहू. जिच्यावर तुमचं-माझं काहीच नसन अशी."

अशी मशीन आणायची कुठून, यावर आम्ही शुक्रवारभर वाद घातला. एक तर त्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर पुसून साफ करायचा. नाही तर, जिथे आमचा कोड ठेवलेला आहे ती साइट आमच्यासारख्या प्रकल्पांना फुकट मशीन देते, दर वेळी नवी-कोरी, काम झालं की मोडून टाकते, ती घ्यायची. मी दुकानाच्या बाजूने होतो. परक्याच्या मशीनचा काय भरवसा, उद्या नियम बदलले तर? मुद्दा खोटा नव्हता. पण दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे मला जाऊन बसता आलं असतं, हे मी बोललो नाही.

"माझ्या दुकानात ठेवलं तर उद्या मीच सर होईन," भाई म्हणाला. "तुमच्यासारखाच चिकटून बसन खुर्चीले. बिल्डच्या साऱ्या पायऱ्या एका फाइलीत लिहून कोडातच ठेवू. साइटनं नियम बदलले, तर फाइल उचलून दुसरीकडे जाऊ."

मी हसलो. लागलंही. आणि हो म्हणालो.

शनिवारी दुपारी मी फोनवर पायऱ्या सांगत गेलो, तो लिहीत गेला. इतकी वर्षं त्या फक्त माझ्या डोक्यात होत्या. बिल्ड सुरू केलं. तीन मिनिटांत लाल खूण. खाली ओळ होती: उच्चारांची यादी सापडली नाही. आणि पुढे पत्ता, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या माझ्या फोल्डरचा.

सोयीसाठी ती यादी मागच्या आवृत्तीनंतर मीच तिथे हलवली होती आणि सगळ्यांच्या कोडात टाकायची विसरलो होतो. माझ्या घरी प्रोग्रामला ती सापडायची. बाकी सगळीकडे तो मुका. भाईचे आकडे बरोबर होते.

"दिसलं का, सर?"

"दिसलं."

"मंग टाका ना यादी. काऊन थांबले?"

थांबलो, कारण यादी गुपचूप टाकून मोकळं व्हावं असं मनात आलं होतं. तसं केलं नाही. आधी ग्रुपवर लिहिलं: चूक माझी होती, दोष भाईला दिला, माफी मागतो. मग यादी टाकली. प्रोग्रामकडून एक वाक्य वाचून घ्यायचं आणि आवाज आला नाही तर आवृत्ती बाहेर सोडायचीच नाही, अशी एक पायरीही भाईने वाढवली. पुन्हा बिल्ड. हिरवी खूण! मी इतक्या जोरात ओरडलो, की बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं?"

"बोललं! कोऱ्या मशीनवर बोललं!"

"मग आता रविवारी बाजाराला येता येईल," ती म्हणाली.

नवी फाइल मॅडमना त्याच दिवशी गेली. आवृत्ती बाहेर काढायचा अधिकार मी भाईला आणि आमच्यातल्या आणखी एकीला दिला, आणि मॅडमना भाईचा नंबर कळवला.

सोमवारी संध्याकाळी मी कॉलेजातच होतो तेव्हा मॅडमचा फोन आला. "सर, घंटा झाली तरी पोरं उठेनात. हेडमास्तर दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, वर्ग तुमचाच."

"काही अडचण?" मी विचारलं.

"जोडाक्षरांवर थोडं अडखळत होतं."

"घरी गेलो की बघतो."

"झालं की ते! मधल्या सुट्टीत भाईंना सांगितलं होतं. शाळा सुटायच्या आत नवीन आलंसुद्धा."

मी फोन ठेवला आणि सबंध स्टाफरूमला चहा सांगितला. कशाबद्दल, असं सगळे विचारत होते. त्या आवृत्तीत माझा हात कुठेच लागला नव्हता, हे त्यांना समजावता समजावता दोन कप गार झाले.