रिकाम्या बागेतली माणसं

अमेरिकेतली लढाई थांबली आणि वऱ्हाडातल्या कापसाचा भाव कोसळला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्यात ओसाड जागांच्या तसबिरी काढत फिरत होतो. आम्ही म्हणजे अमरावतीचे माझे उस्ताद आणि मी. कॅमेऱ्याची पेटी, काचा, औषधं आणि काळ्या कापडाचा तंबू बैलगाडीत. उस्ताद गाडीत झोपायचे. मला झोप येत नसे. समतेवरची छापील पत्रकं वाचून डोकं भणभणलेलं असायचं.

गावाबाहेर एका शेठने तेजीत बाग उठवली होती. हौद, कारंजं आणि सागवानी रहाटपाळणा. कापूस विकून आलेले शेतकरी त्यात बसून ओरडायचे म्हणे. आता हौदात बाभळी उगवल्या होत्या. पाळणे फिरवणारा माणूस आणि त्याची बायको मात्र पाळण्याखालीच झोपडी घालून राहिले होते. जागा दुसऱ्याला देण्यासाठी शेठने कचेरीत अर्ज केला होता की बाग ओसाड आहे, तिथे कोणीही राहत नाही. तसबीर त्याच अर्जाला जोडायची होती.

"या दोघांना घेतल्याशिवाय तसबीर निघणार नाही," मी म्हणालो.

उस्ताद हसले. "घे बापा. पन तुह्या पत्रकाले सांग, औषध लावेल काच ओली ठेव. सुकली का खेल खतम."

मी त्या दोघांना झोपडीपुढे बसवलं, हलू नका म्हणून बजावलं आणि बाजूला उभा राहिलो. उस्तादांनी पेटीच्या भिंगावरचं झाकण काढलं. तंबूत काच धुतली, तर पाळण्याचा खिळा न् खिळा दिसत होता. माणसांच्या जागी धुराचे दोन पट्टे.

"कावून उठले तुमी?" उस्ताद ओरडले.

"मालक उभे अन् आमी बसून?" तो माणूस म्हणाला. "असं कसं होईल जी?"

ते दोघं गावकुसाबाहेरचे. माझ्या डोक्यावर ब्राह्मणी पगडी. मी दोन पावलं सरकलो तरी त्यांचे गुडघे आपोआप उचलले जात. दुसरी काचही तशीच गेली.

"शेठले रिकामीच पाहिजे होती," उस्ताद म्हणाले. "हेच देऊन टाकू. एकच काच उरली."

"तीही घाला."

या वेळी मी त्यांच्या शेजारी मातीत बसकण मारली. तो दचकून मागे सरकला. "तुमी खाली, तं मंग आमी कुठं बसावं जी? हौदात?"

"बस ना गुमान!" बायको खेकसली. "त्यायची काच सुकून राहिली."

तरी तो उठायला लागला. उस्तादांचा हात झाकणावर होता. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. माझ्यासारख्याने त्याला कधी शिवलं नसावं. तो दगडासारखा थिजला. झाकण निघालं, बसलं.

काच उत्तम आली. तीन माणसं, स्पष्ट. त्याचे डोळे भीतीने विस्फारलेले होते. समतेची तसबीर म्हणून मी जी मनात धरली होती, ती ही नव्हती.

ती मीच कचेरीत नेऊन दिली. तिथल्या कारकुनाने बराच वेळ पाहून विचारलं, "हे पगडीवाले कोण?"

"मीच."

"तुम्ही बसलात, म्हणजे जागा ओसाड कशी म्हणणार?" त्याने शेठचा अर्ज बाजूला ठेवला. शेजारच्या दोघांबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. मी त्याच्याशी भांडलो. कशासाठी भांडतोय हे त्याला कळेना, कारण काम तर झालं होतं.

संध्याकाळी मी एक प्रत घेऊन बागेत गेलो. नवऱ्याने लांबूनच पाहिली. बायकोने हातात घेतली आणि कचेरीत काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग तिने तसबिरीतल्या पगडीवर बोट ठेवलं.

"शेठ पुन्हा अर्ज करन. तवा तुमी येसान ना जी, बसाले?"

आमची गाडी पहाटे अमरावतीला निघणार होती. मी हो म्हणालो.