नाकवाले काका आणि अकरा नंबरची गाडी

गोल्फच्या मैदानावर बॅटरीवर चालणाऱ्या बावीस गाड्या होत्या आणि त्यांची दुखणीखुपणी बघायला एकच माणूस. त्याला सगळे नाकवाले काका म्हणत. नाक दिसायला बेताचंच, पण करामत मोठी. सकाळी चार्जिंगच्या शेडच्या दारात उभे राहून काका एक खोल श्वास घेत आणि सांगत, "सात नंबर, तिसरी बॅटरी. उकळतेय. सोडवा तिला." ड्रायव्हर सीट उचलून बघत, तर खरंच तिसरी बॅटरी तव्यासारखी तापलेली असे.

बिघडलेल्या बॅटरीत जास्त करंट गेला की ती सडक्या अंड्यासारखा वास सोडते, हे कुणालाही कळतं. पण कळेपर्यंत शेडभर गॅस कोंडलेला असतो आणि त्यात एक ठिणगी पडली की संपलं. काकांना तो वास सगळ्यांच्या आधी येई. एकोणीस वर्षांत शेडमध्ये काही वाईट घडलं नव्हतं आणि साहेबांपासून माळ्यापर्यंत सगळे त्याचं श्रेय त्या नाकाला देत.

आठ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ते नाक गेलं. ताप उतरला, सर्दी गेली, भूक परत आली, वास काही परत आला नाही. काकांनी आधी वाट पाहिली. मग एके सकाळी घरात दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला आणि काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. बायको आंघोळ अर्धवट टाकून धावत आली, गॅस बंद केला आणि काकांकडे बघत राहिली.

"डोळा लागला होता जरा," काका म्हणाले. पेपर दोन्ही हातांत सरळ धरलेला होता. ती जळकं पातेलं उचलून मोरीत घेऊन गेली.

कामावर तर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! ज्याची सगळी पत नाकावर, त्याने नाक गेलं म्हणून कुठे बोंबलायचं? त्यांनी सोंग रचलं. रोज तासभर लवकर यायचं, प्रत्येक सीट उचलून बॅटऱ्यांना उलटा हात लावायचा, मीटरने व्होल्ट बघायचे आणि जिचा संशय येईल तिचा नंबर पाठ करून ठेवायचा. मग ड्रायव्हर जमले की दारात उभं राहून, डोळे मिटून, श्वास ओढून तो नंबर सांगायचा. लोक "व्वा काका!" म्हणत आणि काकांच्या पाठीवरून घामाची धार वाहत असे. सकाळ निभावत होती हो, पण दिवसभर गाड्या चार्जिंगला लागत होत्या, सुटत होत्या, त्यांचं काय? आपल्याला न येणारा वास आत भरून राहिला असेल, ही एकच भीती त्यांना आठ महिने खात होती.

त्यात बायकोचं नवीनच. ती मैदानाच्याच आवारातल्या लाँड्रीत इस्त्रीला होती. इतकी वर्षं शेडच्या वासाने डोकं उठतं म्हणून तिकडे फिरकली नव्हती, ती हल्ली रोज अकराला आणि चारला चहा घेऊन हजर. दारात उभी राहायची, कप रिकामा होईपर्यंत इकडेतिकडे बघायची आणि जायची.

"काका, म्हातारपणी नव्याने लग्न लागलंय की काय?" ड्रायव्हर विचारत.

काका हसत, पण चोराच्या मनात चांदणं. हिला संशय आलाय, पाळत ठेवतेय, असं त्यांना वाटे. मध्ये ती नऊ दिवस बहिणीकडे गेली, तर तिथूनही फोन. अकराला एक, चारला एक. काका "हं, बोल" म्हणाले की ती म्हणायची, "काही नाही, सहज," आणि ठेवून द्यायची. "कामाच्या माणसाला असं छळतात का?" म्हणून काका चिडचिड करत.

त्या दिवशी अकरा नंबरची गाडी चार्जच घेईना. तीन वाजता पाहुण्यांसाठी ती हवी होती. काकांनी जेवण लवकर उरकून काम हातात घेतलं. त्याच प्लगवर दुसरी गाडी लावून पाहिली, ती गुपचूप चार्ज घ्यायला लागली, म्हणजे प्लग आणि चार्जर निर्दोष. वायरींचे नट आवळले, टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली, बॅटरीतलं पाणी बघितलं. शेवटी मीटर लावला. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, आणि सगळ्या मिळून जेमतेम तीस. कुणीतरी रात्री ती मैदानावरच, दिवे चालू ठेवून, सोडून गेलं होतं. इतकी रिकामी गाडी चार्जर ओळखतच नाही, समोर काही नाहीच असं समजून गप्प बसतो.

उपाय काकांना पाठ होता. जुना हाताचा चार्जर काढायचा, त्याचे चिमटे सरळ बॅटऱ्यांना लावायचे आणि अर्धा तास धीर द्यायचा, मग नवा चार्जर तिला ओळखतो. पण जुना चार्जर म्हणजे आंधळा कारभार. बंद करेपर्यंत करंट कोंबतच राहतो. म्हणून काकांचाच नियम होता: दारं सताड उघडी, पंखा चालू आणि माणूस जागचा हलणार नाही. त्याआधी एकेक बॅटरी वेगळी मोजून एखादी आतून बिघडलेली तर नाही ना, हे बघायला हवं होतं. पण पूर्वी ती कधी मोजावी लागली नव्हती, नाक सांगायचं. घाईच्या वेळी हात जुन्याच वळणाने गेले. चिमटे लागले.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. मैदानाच्या पार टोकाला सकाळच्या पाहुण्यांची गाडी अडली होती. "आत्ताच्या आत्ता या!" काका वॉचमनला "लक्ष ठेव रे" म्हणाले आणि गेले. दहा मिनिटांचं काम सव्वा तास चाललं.

वॉचमनने लक्ष ठेवलं, आपल्या परीने. वारा सुटून धूळ उडायला लागली म्हणून त्याने शेडची दारं ओढून घेतली, आणि आत कुणी नाही तर वीज कशाला जाळा, म्हणून पंखाही बंद केला.

काका परत आले तर दारं बंद. पंख्याची घरघर नाही. त्यांनी एक दार हळूच ढकललं, उंबऱ्यात उभे राहिले आणि सवयीने खोल श्वास घेतला.

काही नाही. स्वच्छ, कोरी हवा. अशीच हवा आठ महिने रोज येत होती. आत सगळं ठीक असलं तरी अशीच लागणार होती आणि शेड गॅसने तुडुंब भरलेली असली तरी अशीच. कोपऱ्यातून बुडबुड ऐकू येत होती. पण चार्जिंगला लागलेल्या गाड्या थोडीफार बुडबुड करतातच.

पंख्याचं बटण हाताशी, दाराच्या आतल्या अंगाला. दाबलं तर हवा खेळेल. दाबलं तर बटणात बारीकशी ठिणगीही पडेल. खरा मार्ग एकच, मागच्या भिंतीबाहेरचा विजेचा मेन स्विच पाडायचा. पण मेन पाडला की ऑफिस बंद, लाँड्री बंद, सगळ्या गाड्या बंद. साहेब विचारणार, "एवढं काय झालं? वास आला होता का?" आणि आत काहीच नसलं तर? एकोणीस वर्षांची अब्रू त्या एका खटक्यावर जाणार. काकांना खूप भीती वाटली. मरणाची आणि हसं होण्याची, आणि त्यातली मोठी कुठली हे त्यांना ठरवता येईना. बोट आपोआप बटणाकडे गेलं. टेकलं.

तेवढ्यात लाँड्रीच्या दारातून बायको येताना दिसली. सरळ शेडकडे. दोन मिनिटांत ती नेहमीसारखी या उंबऱ्यात उभी राहणार होती.

काकांनी भाजल्यासारखं बोट मागे घेतलं. "तिथेच थांब! पुढे येऊ नकोस!" ते ओरडले आणि वयाला न शोभेल असे धावत मागे गेले. मेन खाडकन पडला. ऑफिसातून "अरे, लाइट गेली!" असा गलका झाला. काका भिंतीला धरून धापा टाकत होते. ती जवळ आली. तिच्या हातात चहा नव्हता, चार वाजायचे होते.

"अगं, एक सांग," काका म्हणाले. "वास येतोय का?"

"लाँड्रीपर्यंत येतोय," ती म्हणाली. "म्हणून तर इस्त्री टाकून निघाले."

लोक जमले. दारं बाहेरूनच उघडून सगळे लांब उभे राहिले. तासाभराने काकांनी आत जाऊन अकरा नंबरची सीट उचलली. चौथी बॅटरी फुगून कलिंगड झाली होती, तिची झाकणं उडालेली, खाली ॲसिडचं थारोळं. वॉचमन मटकन खालीच बसला.

"थोडक्यात वाचलो!" साहेब म्हणाले. "काका, तुमच्या नाकाला सोन्याने मढवलं पाहिजे."

हसायची वेळ होती, सगळे हसले. काका हसले नाहीत. "साहेब, मला वास येत नाही," ते म्हणाले. "आठ महिने झाले. रोज सकाळी तुम्हाला फसवतोय."

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी एकदा फुगलेल्या बॅटरीकडे बघितलं, एकदा शेडमधल्या गाड्यांच्या रांगेकडे. "उद्या ऑफिसात या," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"दूध जळलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. तोवर दोन वेळा येऊन मीच वास घेऊन जात होते. चहा तर काय, तुम्हाला ड्रायव्हर लोकही देत होते."

काका पुढे चालत राहिले आणि एकदम रस्त्यातच थांबले. ते मनात काहीतरी मोजत होते.

"आणि तू बहिणीकडे होतीस ते नऊ दिवस?" त्यांनी विचारलं. "तेव्हा कोण होतं?"

"कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर फोन करायचे. तुम्ही 'हं, बोल' म्हणालात की ठेवायचे."