दादाची सॅक हातोहात गेली

माझ्या थोरल्या भावाने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. कापडी सॅका आणि तंबू शिवणारा माणूस, पण ऐट अशी की जणू डोंगरसुद्धा यानेच शिवून उभे केलेत. दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला टेकवलेले जाड कापडाचे तागे, खिडकीशी मशीन, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत बकलं आणि चेन. सॅकचा पट्टा उसवला म्हणून कोणी आलं, की दुरुस्तीआधी त्याला व्याख्यान ऐकावं लागायचं. आपलं ओझं आपणच वाहावं, हा त्यातला ठरलेला मुद्दा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो शाळकरी मुलामुलींना आठवडाभर रानात पायी हिंडवतो. मी सोबत असते, स्वयंपाकाला आणि मुलींकडे बघायला. तो सगळ्यांचा काका, म्हणून मी आपोआप आत्या. निघण्याआधी ताडपत्रीवर प्रत्येकाची सॅक उलटी करून झडती होते. जास्तीचे बूट बाहेर, खाऊचे डबे बाहेर, कोणी रडलं तरी बाहेर. मग धान्य, पातेली आणि तंबू यांची वाटणी होते.

यंदा थंडीत कापडाचा तागा उचलताना त्याची पाठ गेली. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनीने हात जोडले, "यंदा दुसऱ्या कोणाला पाठवा की."

"दुसऱ्याला पाठवलं की मी संपलो," तो म्हणाला. मला मात्र सांगितलं, पाठ ठणठणीत झाली. मीही शहाणी, विश्वास ठेवला. सॅक नेहमीसारखीच गच्च फुगलेली दिसत होती ना.

त्याच्या वाट्याचं धान्य त्याने एका थोराड मुलीच्या सॅकमध्ये घातलं. तिला त्यानेच पहिलवान असं नाव ठेवलं होतं. "हे नेणं दुसऱ्या कोणाचं काम नाही," म्हणाला, आणि पोरगी केवढी खुलली. चढावर ती मागे पडायला लागली तर हाच पुढून ओरडायचा, "ओझं पाठीवर नसतं गं, डोक्यात असतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती बिचारी हसून पाय उचलायची.

मग ओढा आला आणि त्यावरचा लाकडी पूल मोडून पडलेला. अशा वेळचा नियम दादाचाच. ओझ्यासकट कोणी पाण्यात उतरायचं नाही, रांगेने पाण्यात उभं राहायचं आणि सॅका हातोहात पलीकडे द्यायच्या. पूल असेल हे धरून चाललेल्या दादाला आपल्या नियमाची आठवण राहिली नव्हती. सगळ्यांच्या सॅका गेल्या. शेवटी तो म्हणाला, "माझी मीच आणतो."

"नियम म्हणजे नियम, काका," पोरं म्हणाली. वाक्यही त्याचंच.

पहिलवान रांगेत पहिली. तिने पाय रोवले, दम धरला आणि त्याच्या पाठीवरून सॅक ओढली. लावलेला जोर वाया गेला आणि ती मागच्या मागे पाण्यात बसली. सॅक तिच्या हातात वरच होती, कोरडी.

कोणी हसलं नाही. ती उठली आणि तिने सॅक पुढच्याला दिली. त्याने त्याच्या पुढच्याला. ज्याच्या हातात सॅक यायची तो एकदा दादाकडे बघायचा आणि पटकन मान वळवायचा. पलीकडच्या काठावर मी होते, शेवटी ती माझ्या हातात आली. माझी भाजीची पिशवी याहून जड असते. तोंड जरा सैल करून पाहिलं, तर आत पट्ट्यांत भरायचा त्याच्याच दुकानातला फोम होता, मापात कापून नीट शिवलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ एकेका पोराने चाचपून पाहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खा भाऊ, आणि त्याच्याकडे बघवेना.

दुपारभर पोरं भलतीच शहाण्यासारखी वागली. एरवी काकांची नक्कल करणारी ही कार्टी, "काका, पाणी आणू का?" म्हणून विचारत होती. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुक्कामाला पहिलवान तंबूच्या आडोशाला बसून खांद्यावरचा सदरा सोडवत होती. कापड कातडीला चिकटलं होतं. दोन्ही खांदे सोलवटलेले. मी मलम घेऊन बसले, आणि माझी जीभ काही गप्प राहिना. "अगं बये, सांगायचं नाही होय?"

"आत्या, काकांना नका ना सांगू," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मला आणणार नाहीत ते."

दादा मागेच उभा होता. तिची माफी मागायला आला असावा. तो तसाच परत फिरला.

सकाळी त्याने ताडपत्री अंथरली आणि सगळ्यांसमोर स्वतःची सॅक उलटी केली. फोम बाहेर पडला. "माझ्याने आता उचलवत नाही," तो म्हणाला. "ते सांगायची लाज वाटली, म्हणून माझं ओझं मी हिच्या खांद्यावर टाकलं. चुकलो मी." पोरं पुढे आली आणि पहिलवानच्या सॅकमधलं त्याच्या वाट्याचं धान्य एकेकाने वाटून घेतलं.

धान्याची उरलेली एक पिशवी पहिलवानने आपल्याकडे ओढली.

"ती ठेव खाली," दादा म्हणाला. "खांदे दुखतायत ना तुझे?"

"नाही."

"अगं, मी ऐकलंय काल सगळं. दुखतंय म्हण. तुला कोणी घरी पाठवणार नाही."

तिने पिशवी सॅकमध्ये कोंबली. पट्टे त्याच सोललेल्या खांद्यांवर चढवले, डोळ्यांत पाणी आलं तरी हनुवटी वरच ठेवली.

"नाही दुखत, काका," ती म्हणाली आणि चालायला लागली.

दादा ताडपत्रीवर मटकन बसला आणि पोरांच्या देखत रडला. मी त्याला गप्प केलं नाही.