शेवड्यांच्या गच्चीतला हॉप्सचा वेल

यज्ञेश्वर शेवडेला जयाने पसंत केलं, ते त्याने तिच्या मामाला नावं ठेवली म्हणून. चौऱ्याण्णव साल होतं. मामाने नुकताच सीडी प्लेअर घेतला होता आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक स्थळाला तो आधी सीडी प्लेअर दाखवायचा आणि मग भाची. आधीची सगळी स्थळं माना डोलावून गेली. यज्ञेश्वरने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "स्पीकर चुकीच्या जागी ठेवलेत. आणि जे लावलंय, ते बरोबर जागी ठेवून ऐकण्याच्या लायकीचंही नाही." मामाचं तोंड एवढंसं झालं. आतल्या खोलीत जया तोंडाला पदर लावून हसली. तिला वाटलं, ज्याला इतकं वाईट दिसतं त्याला चांगलंही दिसत असणार, आणि एक ना एक दिवस हा माणूस स्वतः काहीतरी चांगलं करून दाखवणार. हा अंदाज बरोबर की चूक, ते पुढची बावीस वर्षं तिला कळलं नाही.

लग्नानंतर कॉम्प्युटरची लाट आली आणि त्या लाटेवर ओंडकेसुद्धा तरले, तसा यज्ञेश्वरही तरला. बिबवेवाडीहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जायचा आणि यायचा. बसमधली माणसं त्याला बावळट वाटत, मॅनेजर अडाणी वाटत, आणि नागपूर-अमरावतीहून आलेली हुशार पोरं "पाठांतरवाली" वाटत. स्वतः त्याने काय केलं, असं विचारायची सोय नव्हती. काही करायचं म्हणजे आधी बाकीच्यांनी केलेल्या चुका दाखवून द्याव्या लागतात, आणि त्यातच ऑफिस सुटायचं.

मधे दोन वर्षं कंपनीने त्याला अमेरिकेत पाठवलं. पोर्टलंडला. परत आला तो चक्क एका गोष्टीची स्तुती करत. तिथल्या शेजाऱ्याने म्हणे परसात हॉप्सचे वेल लावले होते. वेलाला कागदासारख्या पाकळ्यांची हिरवी बोंडं लागतात, ती बिअरला कडूपणा आणि वास देतात. शेजारी ती तोडायचा आणि गॅरेजमध्ये स्वतःची एल करायचा. एल ही बिअरचीच एक जात. "जया, ते प्यायल्यावर कळतं, आपण इथे आयुष्यभर काय पीत होतो," तो म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून कशाचं तरी कौतुक ऐकून जयाला इतका आनंद झाला, की ते कौतुक दारूचं आहे याचंही तिला काही वाटलं नाही. तिच्या माहेरी घरात सोड्याची बाटली आली तरी आजी खिडक्या लावायची.

पण ते कौतुकही फार दिवस कौतुक राहिलं नाही, त्याचं हत्यार झालं. आता कुणीही बिअरचं नाव काढलं की यज्ञेश्वर त्याला सोलायचा. नव्या निघालेल्या ब्रूअरीत मित्र घेऊन गेले, तर तिथे पहिला घोट घेऊन त्याने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "हे तुम्ही बनवता, की कुणी परत केलेलं असतं?" मित्रांनी पुढे त्याला न्यायचं बंद केलं. मित्र गेले याचं त्याला वाईट वाटलं नाही. त्यांची चवच तशी होती, असं तो म्हणाला.

मग कंपनीने माणसं कमी करायला काढली. पुतणीच्या वयाच्या एका मुलीने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि राजीनामा लिहून घेतला. घरी आला तेव्हा त्याच्या हातात टेबलावरचं कॅक्टस होतं. सोसायटीत त्याने सांगितलं, "सोडली. वीट आला होता. आता स्वतःची एल करणार, स्वतःच्या हॉप्सची." खरं काय ते फक्त जयाला माहीत होतं. तिने ते बहिणीलासुद्धा सांगितलं नाही. ती एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करत होती, घर चालत होतं, आणि नवऱ्याची झाकली मूठ तिने स्वतःच्या हाताने झाकून धरली होती. एवढ्याच आशेवर, की एक बाटली निघेल. चांगली निघो की वाईट; पण यज्ञेश्वर शेवडेने केलेली एक गोष्ट तिला या डोळ्यांनी बघायची होती.

सामान सगळं आलं. मोठं स्टीलचं, खाली नळ असलेलं पातेलं आलं, काचेच्या बरण्या आल्या, थर्मामीटर आलं, मोड आणून वाळवलेल्या सातूचं पोतं आलं. सातूला पोरकिडे लागले, ते दोनदा बदललं. बिअर मात्र होईना. हॉप्सच्या सुकवलेल्या गोळ्या पाकिटात मिळतात, त्या टाकून निदान एकदा करून बघू, असं जया म्हणाली, तेव्हा त्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गोळ्यांची बिअर म्हणजे मंगल कार्यालयातली पुरणपोळी," तो म्हणाला. "करायची तर मुळापासून."

मूळ आलं हिमाचलातून, लाहौलच्या खोऱ्यातून, ओल्या पोत्यात गुंडाळून. पहिल्या वर्षी ते एप्रिलच्या उन्हात गेलं. दुसऱ्या वर्षी वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत चढला आणि गप्प बसला. त्याला म्हणे थंडीत झोप लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात; पुण्याचे दिवस त्याला पुरत नव्हते. पुण्याचं काहीतरी कमी पडलं हे ऐकून यज्ञेश्वर खूश झाला. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात त्याने मूळ फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी झोपवलं आणि वसंतात वेलाजवळ ट्यूबलाइट लावली. संध्याकाळी ती पेटायची आणि वेलाला वाटायचं, अजून दिवस आहे.

सोसायटीचे चेअरमन श्रीधर परांजपे बँकेतून निवृत्त झालेले. ते जिन्यात म्हणाले, "शेवडे, वेलाची दहावी आहे का हो? फार जागवताय."

"परांजपे," यज्ञेश्वर म्हणाला, "तुम्ही बिअरमध्ये बर्फ घालता. आपण वेलांबद्दल नको बोलू या."

सुतळ्या बांधायच्या, पाणी घालायचं, पानांवरचा मावा पुसायचा, हे सगळं जयाने केलं. यज्ञेश्वर सूचना करायचा. आणि त्या पावसाळ्यात वेल खरोखर बहरला. पानांआडून हिरव्या बोंडांचे घोसच्या घोस लोंबू लागले. ऑगस्टच्या शेवटी ती बोंडं हाताला कागदासारखी कुरकुरीत लागू लागली, चुरगळली की आत पिवळी धूळ दिसायची आणि बोटांना संत्र्याच्या सालीचा आणि गवताचा मिळून एक वास राहायचा. नेटवर लिहिलं होतं त्यावरून जयाला कळलं, की हीच वेळ.

"काढू या का आज?"

"तुला काय कळतंय? अजून बोंडांत तेल भरायचंय."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. हवेत दमटपणा फार आहे, तो म्हणाला. मग पातेल्याचा नळ गळतोय असं निघालं. मग रविवारी करू. रविवारी त्याचं डोकं दुखत होतं. खालची काही बोंडं करपून तपकिरी व्हायला लागली. जया जिना चढून जायची, बघायची, आणि उतरायची.

अशात हरतालिका आली. पुण्यात एक जमात आहे. ती पहाटे फिरायला निघते, हातात आकडी लावलेली काठी असते, खिशात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं आपल्या देवाला जास्त आवडतात अशी तिची पक्की श्रद्धा असते. त्यांना कुणी चोर म्हणत नाही, कारण माल देवाकडे जातो. तळमजल्याच्या यमुनाबाई त्या जमातीतल्या सर्वांत ज्येष्ठ. हरतालिकेच्या पूजेला सोळा प्रकारची पत्री लागते, फुलं लागतात, आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बायकांना ती पुरवण्याचं व्रत त्यांनी स्वतःहून घेतलेलं. पापड वाळवायच्या निमित्ताने गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असायची. अंधुक उजेडात त्यांना वेल दिसला. मालतीचीच कुठलीतरी विलायती जात असेल, असं त्यांनी ठरवलं आणि हाताला लागेल तेवढं सगळं ओरबाडून पिशवीत भरलं.

सकाळी यज्ञेश्वर वर गेला आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज तीन मजले ऐकू आला. तो जिन्यात उभा राहून बोलला. सोसायटीवर बोलला, देवधर्मावर बोलला, पुण्यावर, देशावर बोलला. "तीन वर्षं! जगातली एक चांगली गोष्ट या बिल्डिंगमध्ये होणार होती, ती तुम्ही दगडाला वाहिलीत!" लोक दारं किलकिली करून ऐकत होते. यमुनाबाई नेमक्या पिशवी घेऊन लेकीकडे कात्रजला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

जयाला रडू आलं. ती खरंच रडली, न्हाणीघरात नळ सोडून. पण दुसऱ्या दिवशी गणपती बसले आणि तिच्या लक्षात आलं, की यज्ञेश्वर मजेत आहे. त्याने मोदक मागून मागून खाल्ले. आरतीच्या वेळी तो मंडपात आला, जो कधी यायचा नाही, आणि जो भेटेल त्याला सांगू लागला, की त्या हॉप्समधून काय निघालं असतं. एलचा रंग कसा असता, फेस किती वेळ टिकला असता. लोक हळहळले. त्यांना हळहळताना बघून तो आणखी खुलला. रात्री तो गाढ झोपला. तीन वर्षांत जयाने त्याला इतकं शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं, आणि तिलाच झोप येईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात यमुनाबाई, हातात तीच पिशवी.

"अहो जयाताई, काय हो हा गोंधळ! आल्या आल्या ऐकलं. वाहिलेली नाहीत हो तुमची फुलं. लेकीकडे गेले तर आमच्या सृष्टीने पिशवीत नाक घातलं. आजी, कसला वास येतोय, म्हणाली. वास घेतलेलं फूल देवाला कसं चालेल? मग पंख्याखाली पेपरवर पसरून ठेवली होती, ओली होती म्हणून. ही बघा, सगळी आहेत."

जयाने पिशवीत हात घातला. बोंडं छान वाळली होती, हिरवीच होती, आणि तो संत्र्याच्या सालीचा वास भपकन वर आला. तिने वळून हाक मारली, "अहो! आली, आली सगळी! आजच पातेलं चढवू या!"

यज्ञेश्वर बाहेर आला. त्याने पिशवीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ठेव तिथे," तो म्हणाला. "बघतो."

चारच्या सुमारास जया गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. खाली यज्ञेश्वर दिसला. तो मंडपाच्या मागे गेला, जिथे निर्माल्य टाकायचं पिंप ठेवलं होतं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पिशवी पिंपात उपडी केली. नंतर पिशवी झटकली, तिची नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. जयाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिला राग आला नाही. तिला फक्त त्या माणसाची किळस आली.

संध्याकाळी आरतीनंतर परांजपे आले, सोबत यमुनाबाई. सोसायटीतर्फे दिलगिरी व्यक्त करायला ते नारळ घेऊन आले होते. जयाने चहा टाकला. बाहेर यज्ञेश्वरचा आवाज चढत गेला.

"परत केलीत म्हणता? अहो काकू, सडलेली बोंडं परत केलीत! पंख्याखाली वाळवतात का हॉप्स? त्याचं एक तापमान असतं, शास्त्र असतं. पण तुम्हाला काय त्याचं! माझी नोकरी सोडून उभं केलेलं काम तुम्ही धुळीला मिळवलंत."

यमुनाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "मला मेलीला काय ठाऊक हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. परांजपे मान खाली घालून म्हणाले, "शेवडे, जे नुकसान झालं असेल ते…"

"ते भरून येणारं नाही, परांजपे."

जयाने ट्रे टीपॉयवर ठेवला. कप एकेकाच्या हातात दिले. मग ती यमुनाबाईंच्या शेजारी बसली.

"काकू, रडू नका. फुलं चांगली होती. उलट तुम्ही वाळवलीत म्हणून टिकली. यांनी ती दुपारी निर्माल्यात टाकली. मी गॅलरीत होते."

परांजप्यांनी नारळ टीपॉयवर ठेवला, उचलला, आणि पुन्हा ठेवला. यमुनाबाईंनी यज्ञेश्वरकडे पाहिलं, मग जयाकडे पाहिलं, आणि जयाचा हात जरा दाबून त्या उठल्या. चहा तसाच टाकून दोघं गेली. दार लावून जया परत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. आता तो काय बोलेल ते तिला ऐकायचं होतं. घाबरलो होतो, असं जरी म्हणाला असता, तरी तिने त्या पिंपात हात घालून एकेक बोंड वेचून आणलं असतं.

यज्ञेश्वरने कप ओठांना लावला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला.

"आलं फार झालंय," तो म्हणाला. "तुला साधा चहा कधी जमला नाही."

जयाने त्याच्यासमोरचा कप उचलला आणि तिथेच उभ्याउभ्या, घोट घोट करत, सगळा पिऊन टाकला. चहा चांगला झाला होता.