रुमालावरची पिवळी बोटं

पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. काल त्याच वासात तो क्रोशाचा रुमाल हाती लागला. मधोमध बोटांचे पिवळे डाग अजून तसेच.

नागरवाड्यातल्या घरी मला बघायला पाहुणे यायचे होते. मुलीनं केलेलं विणकाम तेव्हा समोर मांडून ठेवायचे, म्हणून मावशीनं माझ्याकडून हा रुमाल विणून घेतला. ओळीचा शेवटचा टाका माझ्याकडून हमखास सुटायचा आणि रुमाल एका बाजूनं अरुंद होत जायचा. "उसव," मावशी म्हणायची. मागे दोऱ्याची गाठ दिसली तरी उसव. "बायका उलटी बाजू बघतात गं!" घामट बोटांनी तोच तो दोरा विणून विणून त्याला आंबूस वास यायला लागला होता. शी!

पाहुणे आले. मुलाच्या आईनं तेलकट, हळदीचा लीलो चेवडा, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, मूठ भरून खाल्ला, बोटं चाटली आणि टिपॉयवरचा रुमाल उचलला. आता त्या उलटी बाजू बघणार! त्यांनी त्याला बोटं पुसली, मग ओठ पुसले. "चेवडा सरस आहे हं!" उलटी बाजू पाहिलीसुद्धा नाही.

मावशी हसली, आई हसली. मीही हसले.

तेव्हा मला त्या बाईंची किळस आली होती. पुढे त्या असेपर्यंत त्यांना मी आई म्हटलं. आज किळस येते ती आमच्या त्या हसण्याची.